महानंदानं आधी सांगितलं होतं

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतेय, ते विचारू नका.

सोलापुरातल्या एका दवाखान्यात मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. नव्या मुलींना शिकवते — बाळाचं बीपी चांगलं दिसलं म्हणून निवांत राहू नका, ते सगळ्यात शेवटी पडतं. आधी हातपाय गार पडतात, नाडी पळते, बाळ मलूल होतं. नख दाबून सोडा, रंग किती वेळानं परत येतो ते बघा. मुली वहीत उतरवून घेतात. त्यांना वाटतं, बाई किती जपतात!

आणि हे सगळं मला तेव्हाही येत होतं. तेच तर.

एप्रिलातली दुपार होती. मैंदर्गीच्या महानंदाची आठ महिन्यांची मुलगी जुलाब-उलट्यांनी दाखल झालेली. महानंदा तिला चमच्यानं पाणी पाजत होती. मग लेकीला डुलक्या घेणाऱ्या सासूजवळ ठेवून ती माझ्या टेबलाशी आली.

"सिस्टर, पोरीचं पाय लई गार पडल्यात की. रडंना बी झालीया."

मी कागद लिहीत होते. "कूलरसमोर बसल्यावर गार लागणारच. पांघरूण घाल."

दहा पावलं — तेवढीही गेले नाही. वर तक्त्यात लिहिलं : हातपाय उबदार. न बघता असं कोण लिहितं? मी लिहिलं.

तासाभरानं ती किंचाळली. पोर राखाडी पडली होती. डॉक्टर धावत आले. शीर सापडेना, शेवटी हाडात सुई घालून सलाईन सोडलं. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

"पाय गार पडलेले आधी कुणाला कळलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईनं उशिरा सांगितलं, सर," मी म्हणाले.

महानंदा समोरच उभी होती. तिनं तोंड उघडलं — तोच सासूनं तिचा खांदा धरून गदागदा हलवला. "मांडीवरचं लेकरू गार पडतंय, आन् तुला सांगाया येत न्हाय व्हय?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? मी तक्ता मिटला.

दोन वर्षांनी माझी लसीकरणावर ड्यूटी होती, तेव्हा महानंदा धाकट्याला लस द्यायला आली. मला बघून थबकली.

"सिस्टर, मी तुमाला आदी सांगितलं व्हतं न्हवं? घरात समदी म्हणत्यात, न्हाय सांगितलं. आता माझं मलाच कळंना झालंय."

मला लख्ख आठवत होतं. शब्द न् शब्द.

"मला आठवत नाही, बाई," मी म्हणाले. आणि पुढच्या बाळाचं नाव पुकारलं.