पिशीच्या पेटीतली चार खुणांची बाटली

क्षेमंकरी पिशी माघात गेली. बाबांची थोरली बहीण. तिची पेटी उघडली तर दोन पांढरी लुगडी, एक कात्री आणि एक काचेची बाटली. बुचाला मेण लावलेलं, आत काळं काहीतरी सुकलेलं, अंगावर कागदाची कातरलेली पट्टी. सून म्हणाली, फेकून देऊ का. मी म्हटलं, राहू दे. ही बाटली कुठली ते पिशीने मला शंभरदा सांगितलंय. आता सांगायला ती नाही, म्हणून लिहिते.

इंग्रजांचं राज्य होतं. बंगालात चूर्णी नदीकाठचं आमचं गाव. नवरा गेला आणि पिशी विसाव्या वर्षी माहेरी परत आली. गावात तारापद कंपाउंडरचं दुकान होतं. तो तापाचं औषध बरणीतून बाटल्यांत ओतायचा, आणि बाटल्यांच्या पट्ट्या पिशी कातरायची. कागदाची घडी घालायची, कडेला कात्री चालवायची, उलगडलं की सहा सारख्या पायऱ्या. भाताच्या खळीने ती पट्टी बाटलीला चिकटवायची. एक पायरी म्हणजे एक खूण, एक खूण म्हणजे एका वेळचं औषध. पिशीला अक्षर येत नव्हतं, पण तिची खूण कधी तसूभर चुकली नाही.

आश्विन लागला की घरटी एक माणूस गोधडीखाली कुडकुडत असायचा. पोस्टात सरकारी कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या मिळायच्या, पण घेतंय कोण. कोयनेल ताप काढत नाही, आत कोंडून ठेवतं, असं सगळ्यांचं म्हणणं. म्हणून तारापदचं बगळाछाप मिक्श्चर खपायचं. लेबलावर एका पायावर उभा बगळा, खाली छापलेलं, यात कोयनेलचा कणही नाही.

पिशीचा धाकटा भाऊ अघोर, म्हणजे आमचे बाबा, त्या बगळ्याचा मोठा भक्त. दोघांचे वडील कोयनेल घेतल्यावर तापानेच गेले होते. चितेपाशी त्याने शपथ घेतली होती, या घरात कोयनेल येणार नाही.

पिशीला मात्र एक खोड होती. दिसलं ते उलटंपालटं करून बघायची. एकदा अंगणात पट्ट्या चिकटवताना तिला बाटलीच्या खांद्यापाशी निळी झाक दिसली. औषध तर फिकं पिवळं.

"तारापददा, हे निळं काय?"

"कुठे निळं?"

"हे काय. उन्हात धर की."

"काचेचं असेल."

"त्याच काचेत पाणी भरून पाहिलं मी. नाही दिसत."

"मग तुझ्या डोळ्यात असेल. पट्ट्या झाल्या का?"

पिशीने पट्ट्या पुऱ्या केल्या, पण डोक्यातून निळं काही जाईना. काडेचिराईत उकळून उन्हात धरलं. काही नाही. गुळवेल, तुळस, तेही झालं. मग शेजारणीने नवरा घेत नाही म्हणून पोस्टातली पुडी पिशीच्या उंबऱ्यावर ठेवली, तेव्हा हिने ती लिंबाच्या रसात विरघळवून बाटलीत भरली आणि अंगणात आली. तीच निळी झाक. पिशी उन्हात उभीच राहिली, चुलीवर भात करपला.

कुणाला बोलली नाही. बोललं तर लोक बगळाही सोडतील, आणि बरे तर त्यानेच होत होते.

पुढच्या कार्तिकात अघोर पडला. एकाआड एक दिवस हिव भरायचं, प्लीहा वाढून पोट टणक झालेलं. तारापदची बरणी रिकामी आणि औषध आणणारी राणाघाटची होडी येईना. तापाच्या तिसऱ्या पाळीनंतर अघोर उठून बसेना.

"पोस्टात पुड्या आहेत," पिशी म्हणाली.

"दीदी, बाबांना आठव."

"आठवतात म्हणूनच म्हणते."

"होडी येईल उद्या."

"होडी येईल. तू असशील का?"

तिच्या मनात आलं, बगळ्याच्या रिकाम्या बाटलीत कालवून द्यावं, कळणार कुणाला. लिंबू कापलंही. पण भावाला शपथ मोडायला लावायची ती फसवून, हे तिला जमेना. सकाळी तिने त्याची बाज अंगणात ओढली. एका हातात बगळ्याची, तळाशी घोटभर उरलेली बाटली, दुसऱ्या हातात पोस्टाची पुडी लिंबात विरघळवलेली.

"औषधाच्या कडेला बघ. बोल, कुठली कशाची?"

अघोरने मान वळवून दोन्ही बघितल्या. "दोन्ही सारख्याच दिसतायत."

"चार वर्षं कोयनेलच पितोयस. बगळा फक्त लेबलावर उभा आहे."

"खोटं."

"तारापदला विचार. माझ्या डोळ्यात आहे म्हणेल."

त्याला हसू आलं नाही. "मग बाबा कसे गेले?"

तेव्हा पिशीने पेटीतून ही बाटली आणली. वडिलांच्या कोयनेलची, शेवटची. पट्टी तिनेच चिकटवलेली, ती घरी आल्यावरची पहिलीच.

"मोज."

"चार खुणा भरलेल्या."

"दोनच प्यायले. कान वाजायला लागले, म्हणाले विष आहे, आणि बाटली कोनाड्यात ठेवली. पाच दिवसांनी गेले. ताप कोयनेलने कोंडला नाही रे. कोयनेल बाटलीत कोंडलेलं राहिलं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा मला तरी कुठे कळत होतं."

अघोर कसाबसा कोपरावर कलला. मग हात पुढे केला. पिशीने नवी पट्टी कातरली, चिकटवली, पहिली खूण पाजली. तिसऱ्या खुणेला तो म्हणाला, "दीदी, कानात रातकिडे ओरडतायत."

"ओरडू देत, कोयनेलचेच ते. अजून तीन आहेत."

"बाबा इथेच थांबले?"

"याच्याही आधी."

सहावी खूण त्याने स्वतः बाटली धरून प्यायली. पुढच्या पाळीच्या दिवशी दुपार झाली, ऊन कललं, हिव आलं नाही. पिशी गोधडी घेऊन शेजारीच बसली होती. तिने ती घडी करून ठेवली. होडी तिसऱ्या दिवशी आली.

परवा मी ती बाटली अंगणात उन्हात धरली. आत सगळं सुकलंय, निळं काही दिसलं नाही. पट्टी मात्र अजून घट्ट आहे.