मॅचच्या आधीचा सत्कार

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. हे मी कोणी न विचारता सांगतो आणि सांगताना लाजत नाही. बी.कॉम., पहिला वर्ग. मेडशीहून एसटीने रोज वाशीमला जाऊन-येऊन केलेलं. त्यामुळे तालुक्याच्या गावी मोबाईलवर गोळीबाराचा खेळ खेळणाऱ्या चार पोट्ट्यांना मॅनेजर हवा झाला, तेव्हा त्यांनी माझा खेळ पाहिला नाही, डिग्री पाहिली. खेळ पाहिला असता तर मला दारातही उभं केलं नसतं. मी मैदानात उतरलो की सगळ्यात आधी मरतो.

"भाऊ, तुमी फक्त इंग्रजी पाहा. गोळ्या आमी पाहतो," असं त्यांच्यातला नेमबाज मला म्हणाला. नाव नको, नेमबाजच म्हणतो. उंच, हडकुळा, बोलायला कमी. लांबून गोळी मारायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याची गोळी सहसा वाया जात नसे. बाकीचे तिघे धावायचे, ओरडायचे, एकमेकांना शिव्या द्यायचे. हा गप्प बसून अंगठा हलवायचा.

इंग्रजी आलं होतं पुण्याहून. तिथली एक कंपनी गावोगावच्या चांगल्या टीम शोधत होती. ऑनलाइन फेरी व्हायची होती. एका दुपारी एकामागून एक काही मॅच, सगळ्यांचे गुण एकत्र करायचे, आणि वर येणाऱ्या टीमला वर्षभर पगारावर घ्यायचं. सोबत नियमांचा लांबलचक कागद. त्यात 'प्रोफेशनल' हा शब्द इतक्यांदा होता की पोट्टे वैतागले.

"प्रोफेशनल म्हंजे नेमकं काय हो भाऊ?"

"म्हणजे शिव्या द्यायच्या नाहीत आणि वेळेवर हजर राहायचं," मी कागदाचं सार काढलं.

"मंग आमी अर्धे प्रोफेशनल हावोच. वेळेवर तर येतो न."

मी मात्र ते मनावर घेतलं. सरावाची वेळ ठरवली. रजा पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगायची, असा नियम केला. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जाणं हे कारण चालेल, पण 'झोप आली' हे चालणार नाही. पोट्टे हसले, पण पाळायला लागले. मला वाटलं, हेच ते. कॉलेजात व्यवस्थापनाच्या पुस्तकात जे वाचलं ते इथे माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं.

या सगळ्यात नेमबाजाचं तेवढं वेगळं होतं. त्याचा मोठा भाऊ चाकणला एका कंपनीत होता. त्याने धाकट्यासाठी तिथे बोलून ठेवलं होतं आणि फोनवर एकदाच, स्पष्ट सांगितलं होतं: ही फेरी होऊ दे, काही झालं तर झालं, नाहीतर मी घ्यायला येतो, माझ्यासोबत चालायचं. नेमबाज गेला म्हणजे टीम गेली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला जायचं नव्हतं. तसं तो बोलला नाही. पण चाकणचा विषय निघाला की त्याची गोळी चुकायची.

आता आमचा स्पॉन्सर. गावात मंडप-डेकोरेशनचं काम करणारे एक चाचा आहेत. लग्न असो, सभा असो, पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी असो, पांढरे-लाल पडदे त्यांचेच. त्यांच्या गोदामाच्या एका कोपऱ्यात त्यांच्या ऑफिसचं वायफाय छान यायचं, म्हणून पोट्टे तिथे खुर्च्यांच्या चळतीत बसून खेळत. चाचा येता-जाता डोकावायचे.

"मर गया क्या रे?"

"मेलो, चाचा."

"अभी तो मरा था न, फिर जिंदा कैसे हो गया?"

"हा दुसरा गेम हाय न."

"अच्छा है बाबा. हमारे में एकही बार मरते."

त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोट्ट्यांवर जीव होता. मी एका दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्याकडे रीतसर बोलायला गेलो. आम्ही तुम्हाला काय देऊ, तुम्ही आम्हाला काय द्याल, तुमचं नाव कुठे कुठे येईल, असं सगळं मांडायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच हात केला.

"ये सब छोड. तू सिर्फ बोल, क्या होना?"

मी म्हटलं, एक शांत खोली, चांगलं नेट, आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर.

"बस? इतनाच?" ते जवळजवळ नाराज झाले. "जा. मेरे पे छोड दे."

मी सोडलं.

फेरीच्या दिवशी सकाळी मी गोदामावर पोचलो तर समोरच्या मोकळ्या जागेत मंडप उभा. स्टेज. लाल गालिचा. स्टेजवर नवरदेव-नवरीचे ते सोनेरी पाठीचे दोन सोफे, एकेकावर दोन खेळाडू. बाजूला मोठा पडदा, त्यावर मॅच दिसणार. मागे जनरेटर. दोन्ही बाजूंनी पंखे. आणि फ्लेक्स: मधोमध प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेल्या पुढाऱ्यांचा फोटो, त्याखाली चाचांचा, खाली कोपऱ्यात आमच्या पोट्ट्यांचे ओळीने चार छोटे फोटो, आणि सगळ्यात शेवटी 'मॅनेजर' म्हणून माझाही, पदवीदानाच्या टोपीतला. तो फोटो त्यांनी माझ्या आईकडून परस्पर मागवून घेतला होता.

मला शांत खोली पाहिजे होती. पण खोटं कशाला बोलू, तो मंडप पाहून माझी छाती फुगली. पोट्टे तर सोफ्यावर बसून उठायलाच तयार नव्हते. खुर्च्या भरू लागल्या. नेमबाजाची आई पहिल्या ओळीत, ठेवणीतल्या लुगड्यात, आणि तिच्या शेजारी मेडशीहून आलेली माझी आई. आणि सगळ्यात मागे, खांबाला टेकून, खांद्याला बॅग लावलेला त्याचा चाकणचा भाऊ. तो न्यायलाच आला होता.

चाचांसोबत लग्नात माईक धरणारा निवेदकही आला होता. त्याने कार्यक्रम आखला होता. आधी पाहुण्यांचं स्वागत, मग खेळाडूंना शाल-नारळ, आणि मग (हे तो माईकवर म्हणाला तेव्हा अंगावर काटा आला) "आपल्या शूर खेळाडूंना त्यांची आयुधं मान्यवरांच्या शुभहस्ते प्रदान करण्यात येतील." आयुधं म्हणजे मोबाईल. चारही मोबाईल एका ताटात, झेंडूच्या पाकळ्यांवर, टेबलावर मांडले होते. पाहुणे आले की ते एकेक उचलून देणार आणि मग मॅच सुरू. मॅचच्या बऱ्याच आधी हे सगळं आटोपेल असा हिशोब होता. हिशोब चांगला होता. फक्त पाहुणे आले नव्हते.

"इंझोरी से निकले," चाचा म्हणाले. "शादी में गए थे."

इंझोरीहून निघाले म्हणजे निघाले की निघणार आहेत, हे कोणी सांगेना. निवेदक माईकवर मंडपाचं, चाचांचं, डिजिटल युगाचं कौतुक करत होता. माझ्या फोनवर पुण्याहून मेसेज आला: खेळाच्या खोलीचा नंबर आणि पासवर्ड. हे दोन आकडे प्रत्येक खेळाडूने आपापल्या मोबाईलमध्ये टाकले की तो आत. वेळ झाली की दार बंद, मग कोणालाही आत येता येत नाही. आणि मोबाईल ताटात.

मी स्टेजवर चढून चाचांच्या कानाशी लागलो. "चाचा, वेळ झाली. मोबाईल घेऊ द्या त्यांना."

"दो मिनट, बेटा. साहब की गाडी नाके पे आ गई. उनके हाथ से देना है न, ऐसे कैसे उठा लेंगे?"

मी पुण्याच्या मॅडमना फोन लावला. त्या मला नेहमी 'सर' म्हणायच्या, त्याचंही मला बरं वाटायचं. "मॅडम, इथे छोटासा कार्यक्रम सुरू आहे, पाचेक मिनिटं थांबता येईल का?"

"सर, पन्नास शहरांतले लोक आत बसलेत असं समजा. कुणासाठी थांबवू? आणि सर, मॅचच्या वेळेला कार्यक्रम कसला?"

माझं सगळं इंग्रजी 'सॉरी मॅडम' एवढ्यावर आटोपलं आणि मी फोन ठेवला.

नेमबाज सोफ्यावरून खाली वाकला. ताट त्याच्या हातभर अंतरावर होतं. "भाऊ," तो हळूच म्हणाला, "उचलू काय?"

मी ताटाकडे पाहिलं. पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे. पहिल्या ओळीतल्या त्याच्या आईकडे. आख्खा मंडप आमच्याकडे पाहत होता.

"दोन मिनिटं थांब," मी म्हटलं.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं, असं मला वाटतं. काही दिवस वाटतं. काही दिवस नाही वाटत.

पाहुणे आले. शाल, नारळ, टाळ्या, फोटो. पाहुण्यांनी पहिला मोबाईल उचलला तेव्हा त्यावर पाकळी चिकटलेली होती; ती त्यांनी फुंकून उडवली आणि लोक हसले. चौघांनी घाईघाईने आकडे टाकले. पडद्यावर, आख्ख्या मंडपासमोर, लाल अक्षरात उमटलं की मॅच सुरू झालेली आहे, प्रवेश नाही. ते इंग्रजीत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिली मॅच गेली. पुढच्या मॅचना पोट्टे वेळेवर आत शिरले. नेमबाज तो सोफा सोडून गालिच्यावर मांडी घालून बसला आणि असा खेळला, असा खेळला की मी त्याला तसं खेळताना आधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या मॅचमध्ये मैदानात आमचीच टीम उरली. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. पण गुणांची बेरीज लागली तेव्हा आम्ही वर येणाऱ्यांच्या जरासे खाली होतो. हातच्या गेलेल्या पहिल्या मॅचमध्ये थोडं काही मिळालं असतं तरी जमलं असतं. हे आम्हा पाच जणांना कळलं. बाकी मंडपात जिलेबी वाटणं सुरू होतं.

खांबाला टेकलेला भाऊ पुढे आला. मी म्हटलं, आता हा नेतो. त्याने धाकट्याच्या खांद्यावरची शाल नीट केली, माझा हात धरला आणि म्हणाला, "राहू द्या त्याले इथंच. पाहलं मी." आणि एकटाच स्टँडकडे गेला. मला वाटलं, काय दिलदार माणूस आहे. पोट्टा हरला तरी याने शब्द मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेलो. मी तोंडावर बोलणारा माणूस. "चाचा, राग मानू नका. पण काल तुमच्या सत्कारापायी आपण हारलो."

ते पडद्यांच्या घड्या मोजून घेत होते, थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर रागबिग काही नव्हतं. खरोखर न समजल्यासारखं होतं. "हारे? कहाँ हारे? पूरा गाँव आया था."

"पण कंपनीने नाही घेतलं न."

"वो पुणे वाले ने किसका मुंह देखा? एक का भी नहीं. बंद कमरे में खेलते तो जीतते भी तो किसको मालूम पडता, कौनसे गाँव के बच्चे हैं? उस लंबू की अम्मा ने कल पहली बार देखा, लडका करता क्या है." मग थोडं थांबून, "तेरी अम्मा ने भी."

स्पॉन्सर कशासाठी असतो, हे मी कागदावरून शिकलो होतो. त्या कागदात हे नव्हतं. पण चाचांचं बरोबर म्हणावं, तर मग आम्ही इतके दिवस वेळेवर यायची, शिव्या न द्यायची मेहनत कोणासाठी केली? मी घरी येऊन मॅडमना सविस्तर मेल लिहिला, दोनदा वाचला आणि पाठवला नाही. कोणाची बाजू मांडतोय तेच मला कळेना.

मग काही दिवसांनी चाकणहून नेमबाजाच्या भावाचा फोन आला.

"भाऊ, त्याच्या त्या पुण्याच्या कंपनीचं काय झालं? पगार कधीपासून सुरू होते?"

मी बुचकळ्यात पडलो. "दादा, कंपनी कुठली? आपण हारलो न त्या दिवशी."

पलीकडे मशीनचा आवाज.

"हारलो? मंग ते शाल-नारळ कायचं होतं?"

"ते मॅचच्या आधी दिलं होतं."

"आधीच?"

"हो."

"अन् हारल्यावर वापस नाई मांगतलं?"

"नाही."

मी मनात म्हटलं, संपलं. आता हा पहिल्या गाडीने येतो.

"मी इथं इतके वर्षं झाले काम करून राह्यलो," तो म्हणाला. "इथं रिटायर झाल्यावर सत्कार करते. तोबी झाला तर. राहू द्या त्याले एखादं वर्ष." आणि फोन ठेवला.

नेमबाज तेव्हा चाचांच्या माणसांसोबत एका लग्नाचा मंडप बांधत होता. हल्ली तो दिवसा तिथे जातो आणि संध्याकाळी सराव करतो. मी सायकल लावली आणि शिडीखाली उभं राहून त्याला सगळं सांगितलं. तो खाली उतरला.

"म्हंजे त्याले माहीतच नव्हतं?"

"नव्हतं."

"आता माहीत झालं, तरी राहा म्हणते?"

"हो."

त्याने हातातला दोर गुंडाळला, उलगडला. "पण कायच्यासाठी राहू? खेळासाठी का मंडपासाठी?"

भावाला हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. "थांब, फोन लावून विचारतो," मी म्हटलं.

"नका इचारू," तो म्हणाला. "इचारलं तं इचार करीन तो." आणि पुन्हा शिडी चढून गेला.