आबांच्या खळ्यातील भूमिती

आबांशी माझा पहिला परिचय माझ्या फजितीतून झाला. इंग्रजी शिक्षणासाठी मी हेदवीहून रत्नागिरीस आलो, तेव्हा गावात खादीची टोपी नवी होती आणि माझ्या अंगात पाठांतराची मस्ती होती. भिक्षुकाच्या घरचा मुलगा मी, भूमितीचे सिद्धांतही रुद्राच्या चालीवर म्हणत असे. श्री. विसाजीपंत बर्वे, म्हणजे आम्हा सर्वांचे आबा, यांनी पहिल्याच तासाला मला फळ्याशी बोलावले. मी एक सिद्धांत एका दमात म्हणून दाखवला. त्यांनी शांतपणे आकृती पुसली, तोच त्रिकोण टोकावर उभा करून काढला, अक्षरे बदलली आणि म्हणाले, "आता म्हण." मी जुनीच अक्षरे पुन्हा म्हणू लागलो. "शिंच्या, त्रिकोणाने कोलांटी मारली म्हणून त्याचे कोन काय सांडले?" सगळा वर्ग हसला.

पुढे मी त्यांचा विद्यार्थी झालो आणि नंतर त्याच शाळेत त्यांचा सहकारीही. आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला प्रसन्न लेख लिहिण्यास सांगितले आहे, पण ते माझ्याच्याने होईलसे दिसत नाही. आबांनी शिकवणे सोडले, त्याला आता काही वर्षे झाली.

मॅट्रिकला बसणारी मुले संध्याकाळी त्यांच्या घरी जमत. घरापुढच्या सारवलेल्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, मधोमध आबा चुन्याने आकृती काढीत आणि मुलांना तिच्या चारी बाजूंना बसवीत. एकाला जो त्रिकोणाचा पाया, तोच समोरच्याला माथा दिसे. प्रत्येकाने आपल्या जागेवरून सिद्धता सांगायची, मग जागा बदलून पुन्हा सांगायची. चार बाजूंनी सांगता आली तरच ती आली, असा त्यांचा हिशेब होता. कोणाच्या शेजारी कोण बसला यावरून आळीत कुजबुज होई. आबा म्हणत, "भूमितीला विटाळ होत नाही. तुम्हांला होत असेल तर तुम्ही लांबून बघा."

चुकलेले गणित ते लगेच सोडवून देत नसत. "घरी जा, कुणाला तरी समजावून सांग. कुठे अडखळतोस ते बघ. तिथेच तुझी चूक बसलेली असते." मी खानावळीच्या काकूंना समीकरणे सांगत असे. त्या नारळ खवता खवता "हे असं का रे?" एवढेच विचारीत, आणि तेवढ्याने माझे पितळ उघडे पडे. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र पुस्तकाला हात लावायची बंदी होती. माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी खोलीत दार लावून घोकत बसलो होतो. आबा आले, पुस्तक काढून घेतले, मला भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूवर फिरवून आणले आणि आपल्या पंगतीला बसवून गरम आमटीभात खाऊ घातला. त्या रात्री मला झोप लागली.

त्यांचा मुख्य नियम असा, की अभ्यासात एकदा धरलेले गणित सोडायचे नाही, दोन दिवस लागले तरी चालतील. पण परीक्षेत हाच नियम गळ्याशी येतो, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून शेवटच्या आठवड्यात ते जुनी प्रश्नपत्रिका देऊन मुलांना घड्याळासमोर बसवीत आणि मधूनच टाळी वाजवीत. टाळी वाजली की अडलेले गणित, भूमितीत सिद्धांतावर बेतलेला रायडर, तिथेच टाकून पुढच्याला हात घालायचा. वर्षभर धरायला शिकवलेल्या मुलांना सोडायला शिकवण्याचा हा आठवडा आबा कधी चुकवीत नसत. एकदा मात्र एका मुलाच्या बाबतीत त्यांनी तो चुकवला.

खाडीपलीकडून तरीने येणारा हसन हा मुलगा आबांचा जीव की प्राण होता. त्याचे वडील दाऊदभाई गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. त्यांनी बजावले होते, "येक डाव बसंल. नाय झाला पास, तर जहाजावर." आबांनी इतर मुलांना टाळीला बसवले आणि हसनला घरी पाठवले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "त्याला टाळी कशाला? त्याचं कधी अडलंय का?" त्या वेळी मलाही ते पटले होते.

भूमितीच्या पेपरानंतर आम्ही दोघे बाहेर उभे होतो. हसन अगदी हसतमुखाने आला. "आबा, पहिलाच रायडर लई कठीन होता. सुटंना. पन मी नाय सोडला. घंटा व्हायच्या आधी सुटला."

"आणि बाकीचे?" आबांनी विचारले.

"बाकीचे ऱ्हायले."

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हसन नापास झाला आणि पावसाळ्याआधी जहाजावर गेला. त्या दिवसापासून खळ्यात आकृती निघाली नाही. शाळेतूनही आबा लवकरच निवृत्त झाले. मी हा लेख लिहू का, असे विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "हसनचं लिहिणार असशील तर लिही. नाहीतर तो ग्रंथ माझा नाही." म्हणून गौरवलेखात न शोभणारी ही हकीकत मी लिहिली आहे.

आता गावात मुले 'खात्रीचे प्रश्न' घोकतात आणि त्यांतली बरीचशी पासही होतात. मी आबांच्याच पद्धतीने शिकवतो, पण माझ्या हाताला ते यश नाही. गेल्या वर्षी दाऊदभाई आपल्या धाकट्या मुलाला, युसुफला, घेऊन आबांच्या ओटीशी आले. मी तिथेच होतो. दाऊदभाई म्हणाले, "मास्तर, चुकी तुमची झाली आसंल, मी नाय म्हनत नाय. पन ह्या पोराला मी आता कोनाकडं नेऊ?" आबा "मला जमणार नाही, दाऊदभाई," एवढे म्हणून आत गेले. मी काकुळतीला येऊन समजावले, भांडलोही. सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

युसुफ माझ्याकडे येतो. यंदा तो मॅट्रिकला बसणार आहे, आणि वडिलांची अट तीच आहे. रोज तरीतून उतरून तो आबांच्या बेड्यावरून, म्हणजे अंगणाच्या फाटकावरून, जातो आणि ओटीवर बसलेल्या आबांना सलाम करतो. आबा मान दुसरीकडे वळवतात.

परमेश्वराने आबांना उदंड आयुष्य द्यावे, त्यांची दृष्टी आणि पाय शाबूत ठेवावेत. ते आयुष्य त्यांना नकोसे झाले आहे, हे मला ठाऊक आहे, तरी मी ते मागतो. परीक्षेला अजून थोडा अवधी आहे. तोवर त्यांनी युसुफला एकदा तरी हाक मारावी, असे मला फार वाटते. ते मारतील असे वाटत नाही.