मास्तरांच्या घरातून धूर निघेना

बायांनो, आज माझी चांगलीच फजिती झाली.

पेन्शनीत निघालेले मास्तर आणि त्यांची बायको तीन दिवसांपूर्वी पुण्याहून इथे शिरपुरात, माझ्या शेजारी राहायला आले. पण घरातून धूर निघेना. आपल्याकडे चूल पेटत नाही ती मयताच्या घरी. माझे मालक गेले तेव्हा शेजारणींनीच मला जेवू घातलं होतं. म्हणून मी पिठलं-भाकरी घेऊन, डोळे पुसत गेले.

दार मास्तरांनीच उघडलं.

“अवं माय! मंग मास्तरीणबाई गेल्या काय?”

“कोण गेलं हो?” आतून बाईंनीच विचारलं. त्या रॉकेलच्या स्टोव्हवर भात शिजवत होत्या!

मास्तर पोट धरून हसले. बाईंनी मात्र भाकरी हातात घेतली आणि म्हणाल्या, “तीन दिवसांत कोणीच आलं नव्हतं हो. आता आमच्या मरणाची वाट न बघता येत जा.”

उद्या माझ्यासंगं कोण कोण येता?