थॉमसिन दाई आणि कळसाचा दगड

थॉमसिन पेग लंडनला आली ती दूधदाई म्हणून. सर अँब्रोज थॉर्लींच्या घरी पहिला मुलगा झाला होता आणि बाईसाहेबांना दूध नव्हतं. थॉमसिनची स्वतःची लेक तेव्हा नुकतं बाळसं धरत होती. तिला गावी शेजारणीच्या हवाली करून, पाण्यात कालवलेल्या पावावर सोडून ती इकडे आली. महिन्याभरात पोर गेल्याचा निरोप आला. स्वयंपाकघरातल्या बायकांनी तिला जवळ घेतलं. बाईसाहेब वरूनच म्हणाल्या, "रडू नकोस हं. दूध आटतं."

ती रडली नाही आणि दूधही आटलं नाही. गिल्बर्ट त्या दुधावर चांगला गुबगुबीत झाला.

सर अँब्रोज म्हणजे मोठं प्रस्थ. शहराला आग लागून गेल्यावर जळालेल्या चर्चच्या जागी नवी उभी करण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांतले हे एक. शिवाय शास्त्रज्ञ. घरात दुर्बिणी, पाऱ्याच्या नळ्या, बरणीत घातलेले बेडूक. एकदा घरच्याच कुत्रीच्या शिरेत दारू सोडून ती किती वेळ पायांवर उभी राहते ते त्यांनी मित्रमंडळींना दाखवलं होतं. माणूस तुसडा नव्हता. नोकरांवर कधी आवाज चढवायचे नाहीत. सगळ्यांकडे सारखंच बघायचे, कुत्रीकडे बघितलं तसंच.

गिल पाच वर्षांचा झाला तरी बोलेना. सरांनी त्याच्या कानाशी घंटा वाजवली, डोळ्यांशी मेणबत्ती धरली, मान हलवली आणि निघून गेले. त्यानंतर त्या खोलीत ते फारसे फिरकले नाहीत. गिलची आई देवीच्या साथीत गेली. दुसऱ्या बाईसाहेब, लेडी डोरोथी, आल्या. त्यांना लायनेल झाला, हुशार आणि देखणा. गिल वाढत वाढत आडदांड पुरुष झाला, दाढी आली, पण बुटाचे बंद थॉमसिननेच बांधायचे. तिला तो 'टॉम' म्हणायचा. पाहुणे आले की दोघांची रवानगी माडीवर. आम्हा शेजारणींना तो खिडकीत दिसे, कबुतरांशी हसत बसलेला.

मग सरांचं नदीकाठचं चर्च पुरं होत आलं. कळसाचा एकच दगड राहिला आणि मुख्य गवंडी, स्टबिंग्ज, घरी आला.

"शेवटचा दगड बांधणाऱ्याच्या थोरल्या मुलानं बसवायचा, सर. रीत आहे. नाहीतर माझी माणसं त्या परांचीवर पुन्हा चढायची नाहीत."

"लायनेल आहे की," लेडी डोरोथी म्हणाल्या.

"तो धाकटा, बाईसाहेब. थोरला तो थोरला."

बाईसाहेबांनी गिलला हॉक्स्टनला, वेड्यांना सांभाळणाऱ्या एका माणसाकडे, पाठवायचं आधीच ठरवलं होतं. तिथे भिंतीला कड्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर अँब्रोज म्हणाले, "करून पाहू. चारचौघांत नीट वागला तर घरात राहील. नाही वागला तर हॉक्स्टन." मग थॉमसिनकडे वळून, "तयारी करून घे."

थॉमसिनने स्वयंपाकघरात शाळा मांडली. दगड म्हणून वीट, थापी म्हणून लाकडी चमचा आणि चुना म्हणून लोणी-साखर घालून मळलेलं सैलसर पीठ. पीठ पसरायचं, वीट ठेवायची, तीनदा ठोकायची, म्हणायचं, "देवा, हे घर सांभाळ." बिनचूक झालं की चमचा चाटायला मिळायचा. प्रार्थना, हात धुणं, सगळं तिने त्याला असंच शिकवलं होतं.

"बघा गं," स्वयंपाकीण म्हणाली, "माझ्या नवऱ्याला एवढं शिकवायला जन्म गेला."

"तुझ्या नवऱ्याला गोड कोण देतंय," थॉमसिन म्हणाली, आणि गिल सगळ्यांत मोठ्याने हसला.

दगड बसवायच्या दिवशी टोपलीत बसवून त्याला वर चढवलं. थॉमसिन खालच्या परांचीवर उभी होती. गिल घाबरला नाही. चुना पसरला, दगडाला हात लावून बसवला, तीनदा ठोकलं आणि वाक्य खणखणीत म्हटलं. खालच्या लोकांनी टोप्या काढल्या. सरांनीसुद्धा मान डोलावली.

आणि गिलने थापी चाटली.

गोड लागेना म्हणून पुन्हा चाटली, नीट, दोन्ही बाजूंनी. मग ओरडला. खालून कुणीतरी म्हणालं, "अरे, जेवायला वाढा त्याला," आणि हशा नदीपल्याड गेला.

घरी दूध झालं, लोणी झालं. चुन्याने पोळून ओठ नि जीभ सुजली, तोंड मिटेना. सर अँब्रोज आले, त्याची हनुवटी उचलून आत पाहिलं.

"सूज किती वेळात आली?"

"सर, त्यानं सगळं बरोबर केलं. दगड बसला. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," ते शांतपणे म्हणाले. "चाटायला तू शिकवलंस. त्याचा दोष नाहीच."

दुसऱ्या दिवशी तोच दगड काढून लायनेलच्या हातून पुन्हा बसवला. थोरल्याचं काय, असं कुणी विचारल्यावर स्टबिंग्ज म्हणाला, "आम्हाला तर एकच मुलगा दिसतो."

गाडी आली तेव्हा लेडी डोरोथींनी थॉमसिनला बाजूला घेतलं. "तुझ्याशिवाय तो कुणाचं ऐकत नाही. आरडाओरडा न होता बसला पाहिजे. गल्ली बघत असते. लायनेलचं लग्न ठरतंय. उद्या पोरं होतील, त्यांना तुझ्यासारखं माणूस लागेल. नाहीतर या वयात कुठे जाशील गं तू?"

थॉमसिन बराच वेळ एप्रनला हात पुसत राहिली. मग तिने गिलला चांगला कोट घातला, बुटाचे बंद बांधले.

"दुसरं चर्च झालंय, राजा. तिथला दगड तुझ्याशिवाय बसत नाही म्हणतात."

सुजलेल्या तोंडाने तो हसला. आपणहून गाडीत चढला. आवाज म्हणून झाला नाही. आम्ही सगळ्या दारांत उभ्या होतो, आम्हाला वाटलं फिरायलाच चाललाय. खिडकीतून त्याने हात बाहेर काढला.

"टॉम, तू?"

"मी मागच्या गाडीत," ती म्हणाली.

मागे गाडी नव्हती. वळण येईपर्यंत तो मान बाहेर काढून मागे बघत होता, आणि ती हात हलवत होती. पुढे लायनेलची तिन्ही मुलं तिनेच वाढवली. घरच्यांनी तिला फार मान दिला.