रद्द झालेल्या एकतीस मुलाखती

लोरेटा साबोल दार दोनदा वाजवायची आणि लगेच दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहायची. मग आतल्या माणसाला भरवसा वाटे, ही बाई काही घरात घुसायला आलेली नाही. ओहायोतल्या त्या खोऱ्यातला पोलाद कारखाना बंद पडला, नवरा घरी बसला, तेव्हा तिनं विद्यापीठाच्या निवडणूक संशोधनात मुलाखती घ्यायचं काम धरलं. त्याला आता छत्तीस वर्षं झाली होती. मत कुणाला दिलं, का दिलं, सरकारवर विश्वास किती, हे सगळं विचारायचं आणि उत्तर जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. त्यावर प्राध्यापक ग्रंथ लिहीत. त्यात लोरेटाचं नाव कधी नसे. तिथं ती नुसती मुलाखतकार क्रमांक चारशे सतरा.

२०१६च्या निवडणुकीनंतर ती एमिल हुडाककडे गेली. एमिल कारखान्यातला जुना युनियनवाला. सोळा वर्षांतली ही त्याची पाचवी मुलाखत. मताचा प्रश्न आला तसा तो उठला आणि आत बायको होती त्या स्वयंपाकघराचं दार लोटून आला.

"लिही. रिपब्लिकन."

लोरेटाची बोटं थांबली.

"बघतेस काय अशी? चाळीस वर्षं युनियन सांगेल तिथं मत टाकलं. काय मिळालं? कारखान्याच्या जागेवर गवत! पण आयरीनला कळलं ना, तर ही बाई मला जेवायला घालायची नाही. पोरगी तर युनियनच्याच पक्षाचं काम करते. ती तोंड बघणार नाही माझं."

"माझ्या तोंडून नाही जायचं, एमिल. आजवर गेलंय का?"

जानेवारीत तिची पर्यवेक्षक डेनिस क्रोल मुद्दाम गाडी चालवत आली. वयानं लोरेटाच्या मुलीएवढी. हॉटेलात समोर बसली, पण कॉफीला हात लावेना.

"पडताळणीसाठी आम्ही मिस्टर हुडाकना फोन केला होता. ते म्हणतात, अशी कुणी बाई आलीच नव्हती."

"फोनजवळ कोण होतं त्यांच्या?"

"ते आम्ही विचारत नाही. दोनदा केला, लोरेटा. दोन्ही वेळा तेच. आणि उत्तरं बघा ना. चार वेळा एक पक्ष आणि आता एकदम उलटं? अशा सात मुलाखती आहेत, सातही तुमच्या या वेळच्या एकतीसमधल्याच. वर तुम्हाला एकही नकार नाही! बाकीच्यांच्या तोंडावर दहातली चार दारं आपटतात."

"लोक ओळखतात मला."

"तेच तर विद्यापीठाच्या समितीला खटकतंय."

"अगं, माणूस मत का बदलतो, हेच शोधायला पाठवता ना मला? आणि बदललेला माणूस आणून दिला, तर म्हणता बनावट!"

डेनिस खाली बघत म्हणाली, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण समितीपुढे काय ठेवू?"

एमिल का खोटं बोलला, हे लोरेटा एका वाक्यात सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही. ओळखपत्र आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून ती निघाली.

इस्टरआधीच्या एका शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासळीचं जेवण होतं. एमिल ताट घेऊन तिच्याजवळ आला.

"आयरीन शेजारीच होती गं. फोनचा स्पीकर चालू. दुसऱ्यांदा तर पोरगीही होती."

"माझं काम गेलं, एमिल. आता तरी सांगशील विद्यापीठवाल्यांना?"

त्यानं पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. बायको आणि मुलगी कशावर तरी हसत होत्या.

"आता कसं सांगू, लोरेटा?"

"नको सांगूस," ती म्हणाली. आपलं ताट उचलून तिनं गाडीत नेलं आणि काच वर करून एकटीच जेवली.

दोन वर्षांनी प्राध्यापकांचं पुस्तक आलं. गावच्या वाचनालयात बसून तिनं आपल्या खोऱ्यावरचं प्रकरण शोधलं. ते जेमतेम दीड पानाचं होतं. इथले जुने कामगार का फिरले हे सांगता येत नाही, कारण पुरेशा विश्वासार्ह मुलाखती हाती नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. खाली बारीक अक्षरात टीप होती: एका मुलाखतकाराच्या एकतीस मुलाखती बनावट आढळल्यानं रद्द केल्या.

परत देताना ग्रंथपाल मुलीनं विचारलं, "कसं वाटलं पुस्तक?"

"आपल्याच लोकांवर आहे," लोरेटा कोट चढवत म्हणाली. "त्यांना म्हणे कुणी भेटलंच नाही."