सिस्टरांची धुराची व्हिस्की

सिस्टर व्हिस्की सिरिंजने मापत. सुई काढून टाकलेली, उकळून पुसून ठेवलेली काचेची जुनी सिरिंज. एका पेल्यात दहा मिली, असे तीन पेले, त्यापुढे एक थेंब नाही. "ह्या काय औषध नाय," त्या म्हणत, "पण मापूक काय हरकत?" रविवारी दुपारचा चहा झाला की पडवीतल्या टेबलावर पेले मांडायच्या. बाटल्या आत कपाटात असत. पेल्यांखाली एक, दोन, तीन एवढेच आकडे. कुठल्या पेल्यात काय आहे ते सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय सांगत नसत.

सिस्टर म्हटल्यावर नवख्या माणसाला त्या कॉन्व्हेंटातल्या वाटत. त्या नर्स होत्या. आधी मुंबईला आणि मग स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा इस्पितळात त्यांनी सारी नोकरी केली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर मालवणजवळच्या आमच्या गावात, चर्चमागच्या आपल्या घरी येऊन राहिल्या. तिकडून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: जखम बांधण्याची पद्धत आणि सिंगल माल्टचं वेड. तेही साध्या माल्टचं नव्हे, धुराच्या. तिथल्या दलदलीत वर्षानुवर्षं कुजून दडपलेलं गवत मातीसारखं कापून वाळवतात आणि जाळतात. त्याला पीट म्हणतात. त्याच्या धुरावर बार्ली वाळवली की धूर दाण्यात शिरतो आणि दाण्यातून व्हिस्कीत उतरतो. "पालो जाळून भाजवळ केलेल्या मळ्यातसून चलत इल्यार कपड्यांक कसो वास येता? तसो," असं त्या सांगत. यातल्या बऱ्याच बाटल्या ज्या बेटावरच्या, त्याचा उच्चार 'आयला'. "ही आयलाची," असं त्या गंभीरपणे म्हणाल्या की समोर बसलेले आमचे निवृत्त पोस्टमास्तर दर वेळी ठसका लागेपर्यंत हसायचे.

त्या पडवीत माझी सुरुवात भांडणानेच झाली. माझे वडील दारूने गेले. शेवटचे पाच महिने ते अंथरुणावर होते. सिस्टर रोज सकाळी येऊन त्यांच्या पाठीच्या जखमा धूत. माणसाला न उठवता चादर कशी बदलायची, हे त्यांनी आईला शिकवलं. पैशांचं विचारलं तर "च्या कर" म्हणाल्या. बाबा गेल्यावर महिन्याभराने सिस्टरांची हवेची गादी परत द्यायला मी गेले. तो रविवार होता. टेबलावर तीन पेले होते आणि पडवीभर दारूचा वास. माझं डोकं फिरलं.

"ज्या हातांनी बाबांना धुतलंत, त्याच हातांनी हे पिता?"

पोस्टमास्तर चप्पल घालून निघूनच गेले. सिस्टरांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली.

"बस गो. तुझो बापूस कसलीच चव लागा नये म्हणान पियत होतो. मी चव लागाची म्हणान पितंय." मग थांबून म्हणाल्या, "पण लिवराक ह्यातला काय एक कळणा नाय. तेका दोनय सारखीच."

स्वतःची बाजू त्यांनी स्वतःच पाडली होती. त्यांनी दोन नंबरचा पेला पुढे केला. "तू पियां नको. फक्त नाकाक लाव."

का कोण जाणे, मी लावला. टिंक्चर, ओला कापूस, फिनेल आणि त्यामागून समुद्राच्या शेवाळाचा खारा वास.

"कसलो वास इलो?"

"बाबांची खोली," मी म्हटलं आणि रडायला लागले. बाबा गेल्यापासून मी रडलेच नव्हते. सिस्टरांनी मला रडू दिलं. मग प्रत्येकाला आलेला वास टिपायची वही ओढून दोन नंबरपुढे आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'बाबांची खोली.' त्याच्या वर पोस्टमास्तरांचं होतं, 'बरी आसा.'

त्यानंतर सहा वर्षं मी दर रविवारी गेले. प्याले कधीच नाही, नुसता वास घेतला. एकीला होडीच्या डांबराचा वास, एकीला विझलेल्या चुलीचा. सिस्टर सिरिंजने पाण्याचे दोन थेंब सोडायच्या, "वाईच थांब" म्हणायच्या आणि दहा मिनिटांनी तोच पेला परत हातात द्यायच्या. धूर मागे सरलेला असे आणि भाजलेल्या धान्याचा गोडवा वर आलेला असे. एकदा मी "लिंबाची साल" म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ता माझा लिंबू. गेल्या आयतवारी मी सांगललंय. तुझा काय ता सांग." मी पुन्हा वास घेतला आणि काहीच येत नाही म्हणून सांगितलं. "ह्या खरा," म्हणत त्यांनी माझ्या नावापुढे 'काही नाही' असं लिहिलं. मी शाळेत मराठी शिकवते, पण शब्दांच्या बाबतीत इतकं कुणी मला कधी धारेवर धरलं नव्हतं.

आईला माझं तिथे जाणं आवडत नसे. "तिना तुझ्या बापाशीक धुतल्यान, म्हणान मी गप आसंय," एवढंच ती म्हणे. ती स्वतः त्या पडवीची पायरी कधी चढली नाही.

गेल्या वर्षी सिस्टरांचं पोट फुगायला लागलं. कोल्हापूरला नेऊन आणलं. लिव्हर गेलं होतं. कारण त्यांनी मला एकटीला सांगितलं. नोकरीत असताना एका पेशंटची सुई बोटात घुसली होती. तेव्हा शिरलेला विषाणू आत शांतपणे काम करत राहिला होता. "डॉक्टर म्हणालो, तुमचा ता दहा मिलीय नको होता. माका म्हायती असता तर सोडलंय असतंय." त्याच दिवशी त्यांनी पिणं बंद केलं.

गाव मात्र बोलू लागला होता. बाजारात, चर्चबाहेर, शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा एकच: पिऊन पिऊन लिव्हर गेलं. मला ते ऐकवेना. मी सगळ्यांना सांगते म्हटलं, तर सिस्टरांनी माझा हात धरला.

"सांगा नको. माझा सुयेन गेला म्हणान माका मान आणि तुझ्या बापाशीचा बाटलेन गेला म्हणान तेका लाज? मी दोनय तऱ्हेच्या पेशंटांच्या उशाक बसलंय गो. दुखता तितक्याच."

मी वचन दिलं आणि आईलाही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, सिस्टरांना आता उठवत नाही. आई तांदूळ निवडत होती.

"कशान झाला?"

मी तिच्या ताटातले खडे वेचू लागले. आईने ताट बाजूला ठेवलं. "रवांदे," ती म्हणाली. "माका काय करुचा हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेजेचा डबा घेऊन निघाली. ती पायरी चढली तेव्हा मी मागे होते. तिने पदर खोचला, पाणी तापवलं, सिस्टरांना एका कुशीवर वळवून पाठ पुसली आणि त्यांना न उठवता चादर बदलली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "कोपरो नीट खोच, सुटतलो."

"खोचलंय," आई म्हणाली.

सात आठवडे आई रोज गेली. बाजारातल्या बायका तिला विचारायच्या, "नवऱ्याचा केलंस, आता दारू पितल्या बायचा पण?" ती मासळी निवडत राहायची. ऐकून घ्यायची. घरी येऊनही मला काही विचारायची नाही. एकदाच म्हणाली, "ह्या हुशार बायक कळाक व्हया होता." पुन्हा त्यावर बोलली नाही.

सिस्टर मंगळवारी पहाटे गेल्या. आईनेच त्यांना शेवटची आंघोळ घातली. चर्चमागच्या सिमितेरीत कबरीवर माती लोटून सगळे पांगले. आम्ही दोघी भिंतीकडेला उभ्या होतो. आता वचन सुटलं असं मला वाटलं. मी तिला सुईचं सगळं सांगितलं.

आईने ताज्या मातीकडे बघितलं. मग तिने डोळे पुसले.

"आधी सांगलंस नाय, ता बरा केलंस," ती म्हणाली. "म्हायती असता तर माका तिच्याकडे जाणा सोपा झाला असता."